तेल्याच्या माळावरची अक्षरं

दगड आणायचा नव्हता. दगडावरची अक्षरं तेवढी आणायची होती, आणि तीही सिपोरा आत्याच्या बॅगा बंद व्हायच्या आत.

सिपोरा आत्या ही नथानियलची आत्या. चौऱ्याहत्तर वर्षांची, रोह्याला लागून असलेल्या वरश्यात राहणारी. आईबापाविना पोरक्या झालेल्या नथानियलला तिनंच वाढवलं होतं. बाकीचं सगळं गणगोत केव्हाच इस्रायलला जाऊन बसलं होतं. आता बारा दिवसांनी ही दोघंही कायमची तिकडंच, अश्दोदला, निघाली होती. आत्याच्या आजोबांचं, एझ्रांचं, थडगं मात्र गागोदे बुद्रुकच्या वरच्या डोंगरात तेल्याच्या माळावर होतं. एके काळी तिथं बेने इस्रायली ज्यूंची चार घरं आणि एक तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद असायचा, म्हणून पंचक्रोशी त्यांना शनवार तेली म्हणायची. आता घरं नाहीत, घाणाही नाही. गवतात दोन-तीन आडवे दगड तेवढे उरलेत. एझ्रांच्या दगडावर वर हिब्रू अक्षरं आणि खाली एक ओळ मराठी.

आत्याचे गुडघे डोंगर चढायच्या पलीकडे गेलेले. तिनं नथानियलच्या मित्राला, हर्षदला, बोलावून सांगितलं, "आजाला उचलून नेता येत नाय रे. त्याचं नाव तरी माझ्याबरोबर येऊ दे."

सांगितलं तेही योग्य माणसाला. हर्षद पेणजवळच्या जोह्याचा. घरचाच गणपतीचा कारखाना, आणि साचे काढण्यात त्याचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता. जगातली कुठलीही वस्तू साच्यात उतरवता येते, असं तो छाती ठोकून सांगायचा. ते बऱ्याच अंशी खरंही होतं, हीच मोठी अडचण होती.

तिसरा विठू. गागोद्याचा, भात आणि वाल पिकवणारा, बोलायला कंजूष. पेणच्या कॉलेजात तिघांची जी गट्टी जमली ती पुढं नथानियल कंपनीत शिफ्टला लागला तरी सुटली नाही. खाडीत चिंबोऱ्या पकडणं, कुंडलिकेत डुंबणं, कुठला तरी किल्ला चढून वर डबे खाणं, हे दर रविवारचं ठरलेलं. त्याची सुरुवातही ठरलेली. शनिवारी सूर्य मावळून आकाशात तीन तारे दिसेपर्यंत नथानियलचा फोन बंद. तारे दिसले, शब्बाथ संपला, की सातच्या सुमारास ग्रुपवर त्याचे दोनच शब्द यायचे : "उद्या कुठं?"

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारीही ते शब्द आले. विठूनं उत्तर दिलं, "माळावर. सहाला निघायचं."

गणपती गेले की कारखान्यात शुकशुकाट असतो, त्यामुळे हर्षदनं सामान ऐसपैस घेतलं. दहा किलो प्लास्टर, काथ्याची जुडी, घमेलं, शाडूचा गोळा, एक निळी ताडपत्री, आणि मूर्ती खरवडायला वापरतात ते हॅक्सॉचं तुटकं पातं. आत्यानं खोबरेलाची बाटली दिली. साचा दगडाला चिकटू नये म्हणून तेल लागतंच. पण तेल्याच्या थडग्याला तेल आमच्याच घरचं लागू दे, असं ती म्हणाली.

पावसाळा सरला होता, पण गवत सरलं नव्हतं. पुरुषभर उंचीच्या गवतातून विठू कोयत्यानं वाट पाडत पुढं, मागं हे दोघं पाठीवर प्लास्टर घेऊन. वर जाणाऱ्या नाळेतले, त्या अरुंद घळीतले, दगड शेवाळलेले होते. दोनदा वाट चुकली, एकदा गांधीलमाश्यांच्या पोळ्याखालून श्वास रोखून सरकावं लागलं. माळावर पोचायला साडेदहा झाले, आणि थडगं सापडायला आणखी तासभर गेला. हर्षदच्या पायालाच ते लागलं. कसल्याशा वेलीखाली, जमिनीबरोबर झालेलं.

नथानियलनं दगड हातानं साफ केला. डोक्यावर रुमाल टाकून तो काही वेळ पुटपुटत उभा राहिला. मग त्यानं त्यांच्या रिवाजाप्रमाणे बाजूचा एक खडा उचलून थडग्यावर ठेवला आणि हर्षदला म्हणाला, "कर तुझं काम."

हर्षद काम करताना बघणं हा सोहळाच असतो. अक्षरांच्या खाचाखाचांत त्यानं बोटानं तेल जिरवलं, भोवती शाडूचा बांध घातला. विठूनं झऱ्यावरून आणलेल्या पाण्यात प्लास्टर कालवून आधी पातळ थर ओतला, मग काथ्या अंथरला, मग जाड थर. प्लास्टर आवळताना गरम होतं. त्यावर तळवा ठेवून तो आचेचा अंदाज घेत बसला. आच उतरली तशी कडेला पातं घालून हलकेच उचललं. चप्प! दीड हात लांबीची, बोटभर जाडीची लादी अलगद सुटून आली. अक्षरं उलटी होती, पण एकेक रेघ जिवंत. नथानियलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ते लपवायच्या भानगडीत तो पडला नाही.

अर्धं प्लास्टर उरलं होतं. "राहू दे, परतताना ओझं नको," असं विठू म्हणाला. पण कारखानदाराचा पोर माल टाकून देतो होय! हर्षदनं पिशवी परत पाठीला मारली.

लादी मात्र नथानियलनं कुणाला दिली नाही. ताडपत्रीत गुंडाळून पोटाशी धरून तो उतरायला लागला.

दोनच्या सुमारास सुधागडाच्या बाजूनं आभाळ काळंठिक्कर होऊन आलं. परतीचा पाऊस सांगून येत नाही आणि आला की भांडल्यासारखा येतो. नाळेच्या मध्यावर त्यानं तिघांना गाठलं. विजा! वारा! पायाखालून लाल पाण्याचे लोट! विठू ओरडून सांगत होता, बसून उतरा, हात टेका. हर्षदनं हात टेकले. विठूनंही टेकले. नथानियलचे हात मोकळे नव्हते.

त्याचा पाय सटकला. माणूस पडताना हात पुढं करतो. यानं लादी छातीशी आवळली. दहा-बारा फूट तो तसाच घसरत गेला आणि उजवा पाय दोन धोंड्यांच्या फटीत अडकला. अंग पुढं गेलं, पाय मागं राहिला. काडकन आवाज झाला. तो आवाज पावसातही दोघांनी ऐकला.

लादीला टवकाही गेला नव्हता. गुडघ्याखालचा पाय मात्र नको तिथं वाकला होता.

विठूचं म्हणणं सरळ होतं. नथानियलला कपारीत ठेवायचं, हर्षदनं जवळ बसायचं, आणि विठूनं गावात पळत जाऊन चार माणसं आणि खाट आणायची. दीड तासात सगळे परत. फोनला रेंज नव्हतीच. हे ऐकलं असतं तर ही गोष्ट इथंच, बऱ्यापैकी, संपली असती.

पण हर्षदच्या पाठीवर पाच किलो प्लास्टर होतं. मोडलेल्या हाडाला डॉक्टर तरी काय घालतात? प्लास्टरच ना! शंभर गणपतींचे मोडके पाय त्यानं सांधले होते. एकदा पाय पक्का केला की आपण दोघंच तासाभरात खाली उतरवू, माणसांची वाट कशाला बघायची? त्याच्या बोलण्यात असा काही भरवसा होता की विठू गप्प झाला. आणि नथानियल दात आवळून म्हणाला, "कर. तुझ्या हातावर माझा विश्वास हाय."

हर्षदनं जीव ओतून काम केलं. ते वाईट केलं असतं तर बरं झालं असतं. विठूनं पाय ओढून सरळ धरला, नथानियल किंचाळून अर्धवट बेशुद्ध झाला, तेवढ्यात त्यानं पायाला तेल चोळलं. भिजवलेला काथ्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गोल गोल गुंडाळला. त्यावर प्लास्टर, परत काथ्या, परत प्लास्टर. कुठं फट राहिली नाही, कुठं जाडी कमी पडली नाही. वर ताडपत्री धरून आवळू दिलं. पंधरा मिनिटांत पाय दगडासारखा झाला. हर्षदनं बोटाच्या पेरानं टिचकी मारली. टण्! खणखणीत. त्या स्थितीतही त्याला मनातून बरं वाटलं, ही गोष्ट त्यानं पुढं स्वतःला कधी माफ केली नाही.

ऐनाचं एक सरळ झाड तोडून, ताडपत्रीची झोळी बांधून दोघांनी नथानियलला खांद्यावर घेतलं. लादी त्यानं सोडली नाही; ती त्याच्या पोटावर. दर वीस पावलांवर थांबायचं, खांदा बदलायचा, परत उचलायचं. पायाखाली घसरडं, डोळ्यांत पाऊस. तासाभरात जेमतेम नाळ संपली.

"आवळतंय रे," नथानियल म्हणाला.

प्लास्टर आवळणारच, हर्षदनं समजावलं. सेट होताना तसंच वाटतं.

पाव तासानं तो परत म्हणाला. मग परत. हाड मोडल्याची ही कळ नाही, ही वेगळीच आहे, असं तो कळवळून सांगत होता. हर्षद दर वेळी म्हणत होता, थोडं सोस, आलंच गाव. चौथ्यांदा नथानियल काही बोलला नाही. हर्षदला वाटलं, उतार पडला.

चारच्या पुढं ते खालच्या ओढ्यावर आले आणि थांबले. सकाळी बूट न भिजवता ओलांडलेला ओढा कमरेच्या वर चढला होता! गढूळ पाण्यातून आख्खी झाडं वाहत होती. झोळी घेऊन पलीकडे जाणं म्हणजे तिघांची मढी गावाला देणं.

एका कपारीखाली त्यांनी झोळी टेकवली. प्लास्टर घालताना काढलेला नथानियलचा बूट विठूनं बरोबर आणला होता. त्याचं लक्ष आता प्लास्टरमधून बाहेर आलेल्या बोटांकडं गेलं. बोटं फुगून टम्म झाली होती. रंग राखेसारखा. विठूनं अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. पांढरं झालेलं नख पांढरंच राहिलं. त्यानं बोटाला काडी टोचली.

"लागलं?"

"काय लागलं?" नथानियलनं विचारलं.

विठू उठून हर्षदच्या समोर उभा राहिला. "बैलाच्या पायाला दावं आवळलं की खूर असाच होतो. मग पाय कुजतो. तोड ते."

हर्षद तोडायला तयार होईना. तोडलं तर हाड हलेल, बाहेर येईल, इतकं सुरेख बसलेलं मोडायचं कसं? तो बोलत राहिला, आणि बोलता बोलताच त्यानं त्या फुगलेल्या बोटांवर हात ठेवला. जन्मात त्यानं प्लास्टरचे हजारो पाय ओतले होते. मांड्या, पोटऱ्या, घोटे. पण मूर्ती सुजत नाही. आत मांस आहे, ते मोडल्यावर फुगतं, आणि त्याला जायला जागा लागते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायची गरजच काय होती? मित्र तासभर सांगत होता. त्यानं ते ऐकलं नव्हतं.

कोयता मारणं शक्य नव्हतं. एक घाव खोल गेला तर पाय गेला. दोन भागांचा साचा शिवणीवर उघडतात तसं हेही दोन्ही बाजूंनी उघडायला हवं होतं. हर्षदनं हॅक्सॉचं पातं काढलं. पण पाय खालून हलत होता. खाली आधाराला काही सपाट, कठीण हवं होतं, आणि कपारीत नुसते गोटे होते.

नथानियलनं पोटावरची लादी स्वतःच पुढं सरकवली. "घे. ठेव पायाखाली."

"आत्याचं..."

"ठेव म्हणतो ना!"

अक्षरांवर पाय ठेवून हर्षद कापायला लागला. वरून पाणी ओतत, एका हातानं पातं ओढत. मूठ नसलेलं पातं, तळव्यात रुतत होतं. एक रेघ. परत तीच रेघ. पांढरा चिखल निघत होता. अर्धं बोट खोल गेल्यावर पातं अडलं. काथ्या! मजबुतीसाठी घातलेला काथ्या! प्लास्टर सुटत होतं आणि काथ्या धरून ठेवत होता. एकेक धागा पात्याच्या टोकानं वर काढून तोडावा लागत होता. हर्षद आता मोठ्यानं रडत होता आणि रडता रडता कापत होता. विठू दोन्ही हातांनी गुडघा दाबून बसला होता. नथानियल डोळे मिटून शेमाची प्रार्थना म्हणत होता, संपलं की परत पहिल्यापासून.

एक बाजू झाली. दुसरी निम्मी झाली. खालची लादी ओली होऊन, भाराखाली दुभंगली. मग तिचे चार तुकडे झाले. कुणी त्याकडं पाहिलं नाही.

पाऊण तासानं हर्षदनं दोन्ही फटींत बोटं घातली आणि ओढलं. कर्रर! वरचं अर्धं कवच उघडलं. आतली पोटरी जांभळी, चकाकती, घट्ट फुगलेली. क्षणभर काहीच झालं नाही. मग नथानियलनं अशी किंकाळी फोडली की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. विठू म्हणाला, "ओरड. ओरड, बरं हाय ते."

खालच्या अर्ध्या कवचात पाय तसाच ठेवून, गमछ्यानं सैल बांधून, विठू पाण्यात उतरला. ओढ्याच्या वरच्या अंगाला जाऊन, वाहत वाहत, बुडत, एका करंजाच्या फांदीला लटकून तो पलीकडे लागला आणि गावाकडं पळत सुटला.

मागं दोघंच उरले. पाऊस थांबला होता. हर्षदच्या तळव्यातून रक्त येत होतं, त्याला प्लास्टर लागून ते गुलाबी झालं होतं. तो म्हणाला, "मी मुद्दाम..."

"ते माहीत हाय," नथानियल म्हणाला. मग पायाकडं बघत म्हणाला, "पण मी सांगत होतो."

साडेसहाला पाणी उतरलं आणि विठू सहा माणसं घेऊन आला. पेणच्या दवाखान्यातून त्यांना पुढं पनवेलला पाठवलं. तिथल्या डॉक्टरनं पाय बघितला, मग त्या अर्ध्या कवचाकडं बघितलं, आणि प्लास्टर कुणी घातलं असं विचारलं.

"मी," हर्षद म्हणाला.

"आणि कापलं कुणी?"

"मीच."

"पहिलं करायला नको होतं," डॉक्टर म्हणाले, "आणि दुसरं फार उशिरा केलंत." मग ते आत गेले.

पोटरी दोन्ही बाजूंनी चिरून आतला दाब मोकळा केला. पाय वाचला. दोन बोटं गेली, आणि पाऊल वर उचलायची ताकद गेली ती गेलीच. नथानियल आता पाय फेकत, घासत चालणार, आयुष्यभर.

तिकिटं पुढं ढकलली. डिसेंबरात, निघायच्या आधी, सिपोरा आत्यानं मलिदा केला. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं आणि वर फळं, असं ताट एलियाहू हानाबी या संदेष्ट्याच्या नावानं मांडून बेने इस्रायली संकटातून सुटल्यावर आभार मानतात. हर्षदला बोलावणं होतं. जायला त्याचं पाऊल उचलत नव्हतं. विठूनं गाडीवर बसवून नेलं. आत्यानं त्याच्या हातावर मलिदा ठेवला. त्यानं मान खाली घालूनच, पुन्हा माळावर जाऊन अक्षरं आणून देतो, चार दिवसांत आणतो, असं म्हटलं.

"नको," आत्या म्हणाली. "आता त्या दगडापायी कुणी डोंगर चढायचा नाय. तो तिथला, तिथंच बरा." ती रागावलेली नव्हती. तिनं त्याच्या डोक्यावरून हात मात्र फिरवला नाही. पूर्वी ती फिरवायची.

दाराशी कुबडी टेकून नथानियल उभा होता. दोघांनी एकमेकांना धरलं, थोडा जास्तच वेळ.

ते गेले. पहिला शनिवार आला. सात वाजले, साडेसात झाले, ग्रुपवर काही आलं नाही. दुसऱ्या शनिवारीही नाही. त्या अपघातानंतर तसा एकही शनिवार बोलला नव्हता, पण तेव्हा नथानियल इथं होता. हर्षदनं मनाशी धरलं की संपलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ज्या हाताचा एवढा तोरा, त्याच हातानं मैत्री घालवली.

जानेवारीत कारखाना सुरू झाला. नव्या हंगामाचे पहिले साचे भरायचे होते. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी हर्षद एकटाच उशिरापर्यंत काम करत होता. साच्यात प्लास्टर ओतून त्यानं सवयीनं वर तळवा ठेवला. ते गरम व्हायला लागलं. पूर्वी तो आच उतरेपर्यंत हात ठेवायचा; आता त्याला ते सोसत नसे. त्यानं हात काढून घेतला.

तेवढ्यात फोन वाजला. पावणेनऊ झाले होते. तिकडं आत्ता कुठं तीन तारे दिसले असतील, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

एक फोटो होता. वाळूत टेकलेला उजवा पाय, तीन बोटांचा, पोटरीवर दोन लांब व्रण, मागं समुद्र. खाली दोन शब्द : "उद्या कुठं?"

विठूचं उत्तर लगेच आलं, वाल काढायला शेतावर. हर्षदचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे होते. तो उठला, पिंपाशी गेला, आणि हात स्वच्छ धुऊन, पुसून, मग त्यानं फोन उचलला.